एका रेषेवरचं माप

आमच्या चिंचवडच्या कारखान्यात ट्रकच्या इंजिनात बसणारे शाफ्ट बनायचे आणि त्यांच्यावर शेवटचा शिक्का माझा असायचा. बोटभर लांबीचा पोलादी पंच, त्याच्या टोकाला माझा नंबर. हातोडीचा एक ठोका दिला की तो नंबर शाफ्टच्या तोंडावर उमटायचा आणि मग त्या शाफ्टला अडवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. लोक मला तोंडावर ‘इन्स्पेक्शनवाले साहेब’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते मला ठाऊक होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बासष्टच्या सुमाराला मी कंपनीत लागलो तेव्हा कुंपणाला लागून ज्वारी उभी असायची. ऐंशी साल उलटेपर्यंत ज्वारी गेली, कुंपणाची भिंत झाली, भिंतीपलीकडे दुसऱ्या कंपनीची भिंत आली. मी मात्र त्याच टेबलाशी, त्याच मायक्रोमीटरसकट बसलेला होतो. या काळात मी एकच गोष्ट शिकलो आणि तिचा मला भयंकर गर्व होता. शाफ्ट तीन ठिकाणी मोजायचा. दोन्ही टोकांना आणि मध्ये.

कामगारांचा रिवाज वेगळा होता. ग्राइंडिंग मशीनवर शाफ्ट घासून झाला की मध्ये एकदा मोजायचा, माप बरोबर आलं की पेटीत टाकायचा. पण घासणारा दगड झिजत जातो आणि झिजला की शाफ्ट टोकाकडे निमुळता होतो. मध्ये माप सोन्यासारखं आणि टोकाला बोंब. असा एक शाफ्ट सापडला की मी पेटीतल्या सगळ्या मालावर लाल रंगाचा पट्टा ओढायचो आणि पेटी परत पाठवायचो.

सगळ्यांत जास्त पेट्या परत जायच्या त्या निघोजे गावाहून येणाऱ्या एका ग्राइंडर कामगाराच्या. गडी माझ्याच वयाचा, रोज सायकल मारत यायचा, हात कसबी होता, पण टोकं मोजायचा त्याला कंटाळा.

“साहेब, येका जागी बरुबर हाय तर म्होरं बी बरुबरच आसणार की,” तो म्हणायचा. “लोखंड काय मधीच इचार बदलतंय व्हय?”

“तीन ठिकाणी,” मी म्हणायचो. मान वर न करता.

“आवो, पर गाडी पळती ना? आजपातुर येक तरी गाडी माघारी आली का?”

“तीन ठिकाणी.”

मग तो हातमोजे पेटीवर आपटून, बोटं मोडत निघून जायचा. मला यात आनंद व्हायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. दुसऱ्याचा माल परत पाठवून घरी आलो की मला दोन घास जास्त जायचे. बायको विचारायची, “आज कोणाचा बळी घेतलात?” मी नाव सांगायचो आणि अजून एक भाकरी मागायचो.

तर असा मी, एका शनिवारी पहिल्या शिफ्टला टेबलाशी बसलो असताना डावा हात दुखायला लागला. मला वाटलं, शिक्के मारून मारून दुखत असेल, म्हणून हातोडी उजव्याऐवजी डाव्या हातात घेतली, म्हणजे अक्कल किती होती ते बघा. मग छातीवर कोणीतरी ऐरण ठेवली. घाम फुटला, टेबलाची कड धरली आणि खाली बसलो. स्ट्रेचर कंपनीत होतं, पण ते ज्या खोलीत होतं तिची किल्ली सेफ्टीवाल्याकडे होती आणि सेफ्टीवाला रजेवर होता. मला शेवटी माळ्यावरच्या टेबलापासून उचलून खाली आणलं आणि नापास शाफ्ट वाहायच्या ट्रॉलीवर घालून गेटपर्यंत नेलं. ट्रॉली ढकलत होता तो निघोज्याचा ग्राइंडर. नंतर अख्ख्या शॉपमध्ये यावर विनोद झाले असं कानावर आलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केले असते.

हार्ट अ‍ॅटॅक होता. तीन आठवडे इस्पितळात उताणा पडून होतो आणि पुढचे तीन महिने घरी. भेटायला येणारा प्रत्येक जण एक औषध सांगून जायचा. लसूण, अर्जुनाची साल, पहाटेचं पाणी. शेजारी गॅरेज चालवणारे चाचा होते, ते रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, “घाबरू नका राव, इंजिन शाबूत आहे, जरा टॅपेट वाजताहेत.” मला त्यातल्या त्यात त्यांचंच निदान पटायचं.

माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी टांगणीला लागला होता. कंपनीचा नियम होता की मोठ्या आजारातून उठलेल्या माणसानं फिटनेसचा दाखला आणल्याशिवाय शॉपमध्ये पाऊल ठेवायचं नाही. दाखला मिळाला नाही तर हलकं काम. हलकं काम म्हणजे स्टोअरची खिडकी. तिथे बसून हातमोजे आणि पुसायच्या चिंध्या वाटायच्या आणि शिक्का ऑफिसात जमा करायचा. मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही, पण ती भीती धूसर होती. स्टोअरची खिडकी मला डोळे मिटले तरी गजांसकट दिसायची. ज्यांच्या पेट्या मी परत पाठवल्या ते सगळे त्या खिडकीपुढे रांग लावून उभे आहेत आणि मी त्यांना हातमोजे देतोय, हे चित्र मला सहन होत नव्हतं.

कंपनीचे डॉक्टर म्हणजे देवमाणूस. ते शर्टावरूनच छाती तपासायचे आणि पोट दुखो की पाय मुरगळो, त्याच बरणीतल्या गोळ्या द्यायचे. पण हृदयाचं प्रकरण अंगाशी येईल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मला पुण्याला हृदयाच्या एका डॉक्टरांकडे धाडलं. “त्यांच्याकडे नवीन मशीन आलंय. आवाजाच्या लाटा सोडून हृदय बघतात. त्यांनी चांगलं म्हटलं की मी शिक्का मारायला मोकळा.”

शिक्का हा शब्द ऐकून मला बरं वाटलं.

बायकोला घेऊन पुण्याला गेलो. तिला बाहेर बाकावर बसवलं आणि आत गेलो तर काय, मशीन माझ्या ओळखीचं निघालं. म्हणजे ते नव्हे, पण त्याच्या गोतातलं. आमच्या खात्यात लोखंडाच्या पोटातली चीर शोधायला असंच यंत्र होतं. लोखंडाला ग्रीस लावायचं, त्यावर डबीएवढा प्रोब टेकवायचा, आवाजाची लाट आत जाऊन आदळून परत येते आणि पडद्यावर हिरवी रेघ उडी मारते. इथे डॉक्टरांनी माझ्या छातीला थंडगार जेली लावली आणि प्रोब टेकवला. हिरवी रेघ उड्या मारायला लागली.

“आमच्याकडे ग्रीस लावतात,” मी सांगितलं.

डॉक्टर तरुण होते, चष्मेवाले. ते हसले. मी त्यांना माझं यंत्र काय करतं ते समजावून सांगितलं, तेव्हा हसायचे थांबले आणि जरा जपून काम करायला लागले. इन्स्पेक्टर टेबलावर उताणा पडलेला असला तरी इन्स्पेक्टरच असतो.

मशीनमधून लांबच लांब कागदी पट्टी बाहेर आली. तिच्यावर नागमोडी रेषा होत्या. डॉक्टरांनी कंपासपेटीतल्यासारखं दोन टोकांचं डिव्हायडर घेतलं आणि दोन रेषांमधलं अंतर मोजलं. हृदयाचा डावा कप्पा रक्तानं भरला की किती रुंद होतो आणि आवळला की किती अरुंद होतो, हे त्या अंतरावरून कळतं, असं ते म्हणाले. त्यावरून हिशेब करायचा की दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं.

“मग?” मी विचारलं.

“या रेषेवर तर छान आहे.”

‘छान’ ऐकल्याबरोबर मी शर्टाकडे हात नेला. पण डॉक्टरांना आपलं म्हणणं पुरं करायची वाईट खोड होती.

“थांबा. नीट ऐकून घ्या,” ते म्हणाले. “हे मशीन एकाच सरळ रेषेत बघतं. सुई खुपसून बघावं तसं. ती रेषा कप्प्याच्या बुडाशी पडते. अख्खा कप्पा सारखाच आवळत असेल तर एका जागचं माप पुरतं. पण तुमचा आजार रक्तवाहिनी तुंबल्याचा आहे. त्यात भिंतीचा एखादाच तुकडा मरतो आणि बाकीची भिंत नेहमीपेक्षा जोरात काम करते. तुमच्या कार्डिओग्रामवरून मला टोकाकडच्या भागाचा संशय येतोय. आणि टोकाकडे ही रेषा जातच नाही.”

“म्हणजे मध्ये माप बरोबर आणि टोकाला माहीत नाही,” मी म्हणालो.

“अगदी बरोबर!” डॉक्टर खूश झाले. इतक्या लवकर कळणारा पेशंट त्यांना बहुधा भेटला नसावा. “मुंबईला एका इस्पितळात अख्खा कप्पा हलताना दाखवणारं मशीन आलंय. तिकडे एकदा दाखवा आणि मगच कामाचं ठरवा. मी तसं रिपोर्टात लिहितो.”

त्यांनी खरोखरच लिहिलं. टाइप केलेल्या पाच ओळी चांगल्या आणि सहावी ही.

बाहेर आलो. बायको उठून उभी राहिली. तिचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं. रिपोर्ट इंग्रजीत. मी तिथेच बाकावर बसून तिला एकेक ओळ मराठीत करून सांगितली आणि पाचव्या ओळीला थांबलो.

तिचं बोट सहाव्या ओळीवर गेलं. “हे काय लिहिलंय?”

“डॉक्टरांच्या डिग्र्या आहेत,” मी म्हणालो.

“एवढ्या?”

“मोठा माणूस आहे.”

ती त्या ओळीला हात लावून पाया पडली. मी दुसरीकडे बघत राहिलो.

संध्याकाळी आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. चाचा म्हणाले, “मी म्हणत नव्हतो?” दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातभर लांब धरून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीपर्यंत आले असतील नसतील, तेवढ्यात चहा आला. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या खालच्या कडेवर कपबशी ठेवली. “व्हेरी गुड, व्हेरी गुड,” म्हणत वर शिक्का मारला. बशी सहाव्या ओळीवर होती. ती उचलायला मला काही कष्ट पडले नसते.

शॉपमध्ये माझं स्वागत झालं. मशीनपुढे नारळ फुटला, हारही घातला. टेबलाच्या खणात माझा शिक्का होता तसाच होता. मी तो रुमालानं पुसला आणि कामाला लागलो.

आता असं वाटेल की माणूस एवढं पाप करून आलाय तर थोडा मऊ झाला असेल. उलट झालं. मी पूर्वी तीन ठिकाणी मोजत होतो, आता चार ठिकाणी मोजायला लागलो. पूर्वी आठवड्याला पाच-सहा पेट्या परत जायच्या, आता रोज दोन जायला लागल्या. सुपरवायझर म्हणाला, “साहेब, आजारातून उठल्यावर माणसं देवाला लागतात. तुम्ही हे काय आरंभलंय?” मी त्याला गुणवत्तेवर अर्धा तास भाषण दिलं. ते देताना धाप लागली, म्हणून मध्ये दोनदा पाणी प्यायलो. माझं टेबल माळ्यावर होतं. तिथे चढताना जिन्यात थांबावं लागायचं, तेव्हा मी नोटीस बोर्ड वाचल्याचं सोंग करायचो. बोर्डावर कँटीनच्या वेळा होत्या. त्या मला पाठ झाल्या. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मी खडूच्या डबीत ठेवल्या होत्या आणि ती डबी आता खडूच्या मानानं फारच वेळा उघडत होती. मी स्वतःला सांगत होतो की इतके दिवस झोपून काढले, सवय मोडली, दुसरं काही नाही.

सात आठवडे गेले. एका दुपारी मी निघोज्याच्या ग्राइंडरची अख्खी पेटी लाल केली. तो वर आला. मी भांडायच्या तयारीनं बाह्या सरसावल्या. पण त्यानं हातमोजे आपटले नाहीत. पालथ्या पडलेल्या एका खोक्यावर तो बसला.

“साहेब, रागावू नका, येक इचारू?”

“विचार.”

“तुमचं काळीज त्या मशिनीवर किती जागी मोजलं?”

माझ्या हातात मायक्रोमीटर होता. तो मी खाली ठेवला.

त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा आहे का ते मी बघितलं. असती तर मला सोपं गेलं असतं, खडसावून हाकलून दिलं असतं. पण गडी खरोखर विचारत होता.

“तीन,” मी म्हणालो.

त्यानं सुस्कारा सोडला. “मंग झ्याक. न्हाई, ट्रॉली ढकलताना तुमचं त्वांड बगितलं व्हतं मी. पार शेणागत झालं व्हतं. आन आता जिन्यात तुमी थांबता, ते बी बगतो. लई भ्या वाटतं. पर तुमी तीन जागी मोजलंया म्हनता तर आमी कशापायी काळजी करावी? तुमच्यासारका मानूस येका जागी मोजून थोडाच सोडंल?”

तो उठला आणि लाल झालेली पेटी हुज्जत न घालता परत घासायला घेऊन गेला. पहिल्यांदाच. मला त्या वेळी जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. वर्षानुवर्षं मी त्याचा एकही शब्द मोजल्याशिवाय घेतला नव्हता आणि त्यानं माझा तसाच घेतला होता.

शिफ्ट सुटल्यावर घरी गेलो. चहा झाला. पत्र्याच्या पेटीतून रिपोर्ट काढला आणि बायकोपुढे ठेवला.

“ही शेवटची ओळ डिग्र्यांची नाही,” मी म्हणालो आणि ती मराठीत करून सांगितली. डॉक्टर तोंडी काय बोलले होते तेही सांगितलं. सात आठवडे जिन्यात थांबतोय हे सांगितलं.

ती भांडेल असं वाटलं होतं. ती चांगली भांडते. पण तिनं कागद हातात घेतला, त्या ओळीकडे बघत बसली आणि मग एवढंच विचारलं, “मुंबईला कधी जायचं?”

“रजा मिळाली की.”

“उद्या जायचं,” ती म्हणाली आणि उठून कणीक मळायला लागली. पोळ्या झाल्यावर तिनं दोघांचे कपडे पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली. मला ते भांडणापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं गेलो, दिवसभर रांगेत बसलो आणि तिसऱ्या दिवशी नंबर लागला. मशीन कपाटाएवढं होतं. खोलीत अंधार केलेला. डॉक्टर बाई होत्या, पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. बायको दारातच उभी राहिली, तर त्याच म्हणाल्या, “या आत. तुम्हीही बघा.”

पुन्हा जेली, पुन्हा प्रोब. पण पडद्यावर या वेळी उड्या मारणारी रेघ नव्हती. हातपंखा उघडावा तसा एक आकार होता आणि त्यात माझ्या हृदयाचा कप्पा उघडझाप करत होता. मी मान वळवून बघितलं. बुडाकडची भिंत जोरजोरात आत येत होती, एखाद्या ओव्हरटाइमवाल्यासारखी. पुण्याच्या डॉक्टरांची रेषा तिथेच पडली असणार. टोकाकडे मात्र काहीच हलत नव्हतं. बाकीची भिंत आत आली की तो भाग उलट बाहेर फुगत होता.

कोणी सांगायच्या आधी बायको म्हणाली, “हा कोपरा मेलाय का हो?”

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बघितलं. “हो,” त्या म्हणाल्या. “आणि तिथे रक्ताची गाठ धरायला सुरुवात झाली आहे. ती सुटून मेंदूत गेली असती म्हणजे?” मग मला म्हणाल्या, “काम काय करता?”

मी सांगितलं. माळा, जिना, शाफ्ट उचलणं.

“ते आजपासून बंद. गाठीसाठी गोळ्या सुरू करू. बसून करायचं काम मिळत असेल तर दोन महिन्यांनी बघू, तोवर घरी.”

म्हणजे स्टोअरची खिडकी. ती एवढा वेळ माझ्या मनात आलीच नव्हती याचं मला नवल वाटलं.

डॉक्टरबाईंनी पुण्याचा रिपोर्ट उघडला. त्यांनी शेवटची ओळ आधी वाचली. “इथे स्पष्ट लिहिलंय. तरी सात आठवडे कामावर? तुम्हाला पास केलं कोणी?”

“कंपनीच्या डॉक्टरांनी,” मी म्हणालो.

“नाही हो डॉक्टर,” बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “यांना यांनीच पास केलं. लोकांचा माल परत पाठवत आले इतकी वर्षं. स्वतःला मात्र तसंच माझ्याकडे पाठवून दिलं.”

 डॉक्टरबाईंनी दिवा लावला आणि कागद घेऊन दुसऱ्या टेबलाशी लिहायला बसल्या.

मी टेबलावर तसाच पडून होतो. तिनं शेजारचं फडकं घेतलं आणि माझ्या छातीवरची जेली पुसायला लागली. आधी मध्ये पुसली, मग बगलेपर्यंत, मग डावीकडे खाली, जिथे तो कोपरा असेल तिथे. तिथे तिचा हात थांबला.  सात आठवडे ती माझ्या शेजारी निवांत झोपत होती, कारण तिला मी तसं सांगितलं होतं.

“चुकलो,” मी म्हणालो.

“हात वर करा,” ती म्हणाली, “शर्ट घालते.”